हार्मोनचा डॉक्टर: ब्रिस्टलच्या गॅरेजपासून सातपूरच्या टपरीपर्यंत

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सातपूरला आयटीआय सिग्नलच्या अलीकडे आमची एक ठरलेली चहाची टपरी आहे. फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपन्यांतली पोरं तिथे थांबतात. माझ्या निम्म्या बातम्या तिथल्याच. तर त्या दिवशी एक पोरगा बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, तुमची सगळ्या डॉक्टरांशी ओळख असते ना? नाशिकमध्ये हार्मोनचा डॉक्टर कोण आहे, तेवढं बघून द्या."

मी सहज विचारलं, "थायरॉईड आहे का घरात कुणाला?"

"नाही दादा. मलाच पाहिजे."

मग त्याने सांगितलं. पोरगा म्हणजे मी ज्याला दोन वर्षं पोरगा म्हणूनच ओळखत होतो तो. आधार कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर मात्र मुलगी. ठेकेदाराकडे पॅकिंगला आहे. सहा महिन्यांपासून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होता. कुणाच्या सांगण्यावरून? तर मोबाइलवरच्या एका ग्रुपमधल्या मित्राच्या. दुकान ओळखीचं, डोस अंदाजाने, सुई टोचणारा एक कंपाउंडर. आवाज फुटायला लागला होता, ओठांवर लव आली होती, त्यामुळे तो खूश होता. पण गेल्या महिन्यापासून डोकं सतत दुखत होतं आणि तोंड लाल व्हायचं. आता घाबरला होता.

हे लिहिण्याआधी त्याला वाचून दाखवलंय. नाव, कंपनी, गल्ली काही देत नाही. ओळखायचा प्रयत्नही करू नका.

मला वाटलं दोन फोनचं काम आहे. वीस वर्षं या गावात पत्रकारिता करतोय. सिव्हिलपासून गंगापूर रोडच्या मोठमोठ्या दवाखान्यांपर्यंत फोन उचलणारे लोक आहेत. प्रत्यक्षात अडीच महिने गेले. एका ठिकाणी रिसेप्शनवरच सांगितलं, "सर तसल्या केसेस घेत नाहीत." दुसरे डॉक्टर खरंच चांगले बोलले. म्हणाले, "मला हे शिकवलेलंच नाही, चुकीचं काही व्हायला नको, तुम्ही मुंबईला न्या." हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं. तिसऱ्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र मागितलं, आणि ज्या मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो त्यांनी आई-वडिलांना घेऊन यायला सांगितलं. पोरगा सव्वीस वर्षांचा, कमावता. आई-वडील गावाकडे, त्यांना यातलं काहीच माहीत नाही. एका रुग्णालयात तर केसपेपरवरचं मुलीचं नाव भरल्या पॅसेजमध्ये तीनदा पुकारलं गेलं. तो उठलाच नाही. तसाच माझ्याबरोबर बाहेर आला.

या अडीच महिन्यांत रात्री बसून मी या विषयाचा इतिहास वाचला. आमच्या डिप्लोमाच्या कोर्सला एक सर म्हणायचे, बातमी अडली की मागे जा. गेलो, आणि ब्रिस्टलमार्गे मुंबईला येऊन पोचलो.

हार्मोन हा शब्द १९०५ सालचा. अर्नेस्ट स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तो वापरात आणला. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो. टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही करता आलं. त्या कामाचा भाग म्हणून बुटेनांट आणि रुझिच्का या दोघांना १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. म्हणजे औषध नवं नाही. आपल्या आजोबांच्या तरुणपणातलं आहे.

त्याच १९३९ साली इंग्लंडमध्ये एक तरुण व्यक्ती डॉक्टर शोधत होती. मायकेल डिलन. जन्म १९१५ चा, सरदार घराण्यातला, शिक्षण ऑक्सफर्डचं. जन्माची नोंद मुलगी म्हणून. त्यांना जॉर्ज फॉस नावाचे डॉक्टर सापडले. फॉस हे बायकांच्या अतिरक्तस्रावावर टेस्टोस्टेरॉनचा उपयोग होतो का ते बघत होते. त्यांनी डिलनना गोळ्या दिल्या, पण अट घातली की आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. डिलन भेटले. त्या मानसोपचारतज्ज्ञाने ही गोष्ट चारचौघांत सांगितली आणि गावभर झाली. डिलनना गाव सोडावं लागलं. ते ब्रिस्टलला गेले आणि एका गॅरेजमध्ये कामाला लागले. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या, आणि जर्मन विमानं बॉम्ब टाकायची तेव्हा रात्री आगीवर पहारा ठेवायचा. सोबत गोळ्या चालू. हळूहळू त्या गॅरेजमध्ये येणारी गिऱ्हाइकं त्यांना पुरुष समजायला लागली.

हे वाचताना मला आमच्या एमआयडीसीतली वर्कशॉपं दिसत होती. वर्ष १९३९, आणि अडचणी त्याच: डॉक्टर ओळखीने शोधायचा, तो पाठवेल त्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं, आणि गोष्ट फुटणार नाही अशी आशा करायची.

पुढे डिलन स्वतःच डब्लिनला वैद्यकीय शिकायला गेले आणि १९५१ मध्ये डॉक्टर झाले. त्याआधी १९४६ मध्ये त्यांनी संप्रेरकं आणि नीती या विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचं म्हणणं सरळ होतं, की मन बदलता येत नसेल तर शरीर मनाला जुळवून घेऊ द्यावं. सर हॅरॉल्ड गिलीज या नामांकित प्लास्टिक सर्जननी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या. युद्धात चेहरे फाटलेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करणारे हेच ते गिलीज.

१९५८ मध्ये घोटाळा झाला. सरदार घराण्यांची वंशावळ छापणाऱ्या दोन पुस्तकांत तफावत निघाली. एकात हे घराण्याचे वारस भाऊ, दुसऱ्यात बहीण. वर्तमानपत्रांना वास लागला. डिलन तेव्हा जहाजावर डॉक्टर होते. पत्रकार मागे लागले (आमच्या व्यवसायाचं हे जुनं दुखणं), आणि ते पळून आले कुठे, तर भारतात. आधी कालिंपाँगला संघरक्षितांकडे. आपल्याकडच्या बौद्ध कार्यकर्त्यांना हे नाव सांगायला नको. त्रैलोक्य बौद्ध महासंघ ज्यांच्यामुळे उभा राहिला तेच हे इंग्रज भिक्खू. तिथून डिलन सारनाथला गेले, मग लडाखच्या रिझोंग मठात श्रामणेर झाले. लोबझांग जीवक हे नाव घेतलं. जीवक म्हणजे बुद्धाचा वैद्य. १५ मे १९६२ ला डलहौसीच्या रुग्णालयात वारले, वय ४७. आपल्याला डॉक्टर मिळेना म्हणून स्वतः डॉक्टर झालेला माणूस हिमाचलात गेला आणि आपल्याला पत्ताही नाही.

आता मुंबई. हा भाग मला माहीतच नव्हता, आणि माझी खात्री आहे की तुमच्यापैकीही फार जणांना नसेल.

१ डिसेंबर १९५२ ला न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर बातमी छापली. ख्रिस्टीन जॉर्गेन्सन, अमेरिकी सैन्यातला माजी जवान, कोपनहेगनला उपचार घेऊन स्त्री म्हणून परत येतोय. उपचार करणारे डॉक्टर ख्रिश्चन हॅम्बर्गर. ते सर्जन नव्हते, हार्मोनचे डॉक्टर होते, हे लक्षात घ्या. बातमी जगभर गेली आणि हॅम्बर्गरच्या टेबलावर पत्रांचा ढीग पडला. 'माझ्यावरही उपचार करा' म्हणणारी माणसं. त्यातल्या ४६५ जणांच्या पत्रांचा अभ्यास करून त्यांनी १९५३ मध्ये एक शोधनिबंधच लिहिला. वर्तमानपत्रात एका डॉक्टरचं नाव छापून आलं आणि ४६५ माणसं समोर आली. तोपर्यंत ती काय करत होती? आमचा पोरगा करत होता तेच.

त्याच १९५३ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर हॅरी बेंजामिन यांनी 'ट्रान्ससेक्शुअलिझम' या विषयावर एक छोटासा लेख लिहिला, तीनेक पानांचा. हा शब्द वैद्यकात रुळवण्याचं श्रेय पुढे बेंजामिन यांना मिळालं. जगभर ज्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांवर आजही हे उपचार चालतात, ती संस्था १९७९ मध्ये त्यांच्याच नावाने सुरू झाली. आणि तो १९५३ चा लेख छापला कुठे? 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी' या नियतकालिकात. हे नियतकालिक निघायचं मुंबईतून.

संपादक होते डॉ. ए. पी. पिल्ले. मूळचे दक्षिणेतले, पण काम केलं सोलापुरात आणि मुंबईत. संततिनियमनाच्या चळवळीतलं मोठं नाव. सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. कामगार वस्तीतल्या बाळंतपणांचे हाल बघूनच अनेकांना त्या काळी हा विषय घ्यावासा वाटला असणार. १९३४ मध्ये त्यांनी पहिलं इंग्रजी नियतकालिक काढलं, युद्धानंतर हे दुसरं. युरोप-अमेरिकेतले तज्ज्ञ त्यात लिहायचे, कारण तिकडे हे विषय छापणं आपल्याहून सोपं होतं असं अजिबात नव्हतं. बर्लिनमधलं माग्नुस हिर्शफेल्ड यांचं लैंगिक विज्ञानाचं केंद्र तर नाझी विद्यार्थ्यांनी १९३३ मध्ये लुटून त्यातली पुस्तकं चौकात जाळली होती.

मराठीत त्याच काळात र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' चालवत होते, १९२७ पासून. लोक पत्रं पाठवून प्रश्न विचारायचे, कर्वे उत्तरं छापायचे. कारण उघड आहे. विचारायला दुसरं कुणी नव्हतं, डॉक्टरसुद्धा नाही. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांचा मुद्दा असा, की लोकांना शंका असतील आणि त्यांची शास्त्रीय उत्तरं देणं अश्लील ठरणार असेल, तर ज्ञान मिळणार कसं? खटला हरले. २०० रुपये दंड झाला. कर्वे १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये गेले आणि 'समाजस्वास्थ्य'ही थांबलं. पिल्लेंचं नियतकालिकही त्यानंतर दोन-तीन वर्षांतच बंद पडलं.

म्हणजे ज्या वर्षी हा विषय मुंबईत छापून जगभर गेला, त्याच वर्षी मराठीतली याबद्दल विचारायची एकमेव खिडकी बंद झाली. त्यानंतर सत्तर वर्षांनी सातपूरचा पोरगा मला टपरीवर विचारतो, कारण त्याला वाटतं पत्रकाराला माहीत असेल.

मधल्या काळात काय झालं? डॉक्टर बाजूला राहिले, याला एक कायद्याचं कारण आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत 'गंभीर दुखापत' कशाला म्हणायचं याची यादी होती, कलम ३२०. त्या यादीतली पहिलीच नोंद पुंसत्वहरणाची. शस्त्रक्रिया करावी तर आपल्यावरच गुन्हा दाखल व्हायचा, ही भीती डॉक्टरांना बरीच वर्षं होती. त्यामुळे तृतीयपंथी समाजात निर्वाण करणारी दाई हीच सर्जन राहिली. बेशुद्धीचं औषध नाही, टाके नाहीत. किती जीव गेले त्याची मोजदाद कोण करणार? आणि संप्रेरकांचं म्हणाल तर सरकारी कुटुंबनियोजनाच्या गोळ्या. माला-डी. छाती यावी, कातडी मऊ व्हावी म्हणून त्या दिवसाला चार-चार, पाच-पाच खाणाऱ्या तृतीयपंथी मला मी रिपोर्टिंगला लागलो तेव्हापासून माहीत आहेत. त्या गोळीतलं इस्ट्रोजेन जास्त प्रमाणात घेतलं तर पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर लिहिलं असतं.

दुसरं कारण अभ्यासक्रमाचं. एमबीबीएसच्या पोरांना ही माणसं भेटायची ती न्यायवैद्यकाच्या पुस्तकात, लैंगिक गुन्ह्यांच्या आणि विकृतींच्या धड्यात. औषधशास्त्रात किंवा मेडिसिनमध्ये नाही. मद्रास उच्च न्यायालयात २०२१ मध्ये हा विषय गाजला तेव्हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने महाविद्यालयांना अशी पुस्तकं टाळायला सांगितलं. आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर त्याच आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात जुनेच शब्द परत आले! ओरड झाली, तेव्हा आठवड्याभरात तो मागे घेतला. आता बघा, राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत ते आहे कुठे? आपल्या नाशकात, दिंडोरी रोडला. १९९८ पासून. सातपूरहून दुचाकीवर अर्धा-पाऊण तास.

आता माझ्याच बिरादरीबद्दल. २०१७-१८ मध्ये बीडच्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. माजलगाव तालुक्यातल्या. लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी महिन्याची रजा मागितली, खात्याने नाकारली. उच्च न्यायालय झालं, मुख्यमंत्र्यांपर्यंत गेलं, शेवटी परवानगी मिळाली. २५ मे २०१८ ला मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे पुन्हा ड्यूटीवर गेले. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळल्याचं तेव्हा छापून आलं होतं. म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या त्यांचं प्रकरण आमच्या पोराहून वेगळं. पण बाहेरून दोघांपुढचा रस्ता एकच.

त्या बातमीचं एक हेडिंग मी स्वतः दिलं होतं. 'ललिताचा झाला ललित.' तेव्हा फार आवडलं होतं. रजा मिळणार का, नोकरी राहणार का, पुरुष शिपायाच्या उंचीचं काय, हे सगळं आम्ही छापलं. बीडच्या एका गावातल्या माणसाला आपल्या शरीराबद्दल नीट सांगणारा डॉक्टर मिळायला मुंबई का गाठावी लागते, हे एकदाही विचारलं नाही. शस्त्रक्रिया म्हटली की फोटो मिळतो. गोळ्या, इंजेक्शनं आणि दर तीन महिन्यांच्या रक्ततपासणीचा फोटो येत नाही. ते मात्र जन्मभर चालतं.

कायदे झाले. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्या खटल्यातल्या अर्जदारांत आपल्या मुंबईच्या गौरी सावंत आणि ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठीही होत्या. २०१९ मध्ये संसदेने कायदा केला. त्याचं १५ वं कलम मी दोनदा वाचलं. सरकारने काय काय करायचं याची यादी आहे. पहिलं कलमवाक्य एचआयव्ही तपासणी केंद्रांचं. हे बघून मी थांबलोच. या लोकांचं आरोग्य म्हटलं की सरकारला आधी तेच आठवतं. त्यानंतर शस्त्रक्रिया आणि संप्रेरक उपचारांची सोय, आधी-नंतरचं समुपदेशन, डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा आढावा, विमा. सगळं लिहिलेलं आहे. २४ ऑगस्ट २०२२ ला आयुष्मान भारतमध्ये पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या कवचाचा करारही झाला. २०२३ मध्ये मुंबईच्या जीटी रुग्णालयात वेगळा वॉर्ड सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' या रकान्यात ४०,८९१ जण होते, तेही ज्यांनी सांगितलं तेवढेच. आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याची दिशा पिंकी शेख आज कवयित्री म्हणून राज्याला माहीत आहे, भाषणाला बोलावतात. असं दिसायला लागलंय. पण ते कवच वापरायचं तर आधी ओळखपत्र, ओळखपत्राला जिल्हाधिकारी कार्यालय, आणि घरच्यांपासून लपून राहणारा पोरगा त्या रांगेत उभा राहायला तयार नाही.

आणि एक कल्याणचं. अमेरिकेच्या मदतनिधीतून पारलिंगी व्यक्तींसाठी 'मित्र' नावाची तीन क्लिनिकं चालायची: हैदराबाद, पुणे आणि कल्याण. हैदराबादचं २०२१ मध्ये देशात पहिलं. तिथे कामालाही पारलिंगी माणसंच असायची. कल्याण म्हणजे आपल्याला सोयीचं. पंचवटी थांबते, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पोराचा तो ग्रुपमधला मित्र पहिल्यांदा तिथेच जायचा. त्याचा डोस तिथल्या डॉक्टरने लिहून दिला होता. २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी परदेशी मदत गोठवली आणि तिन्ही बंद झाली. मित्राकडे जुनी चिठ्ठी उरली. त्याच चिठ्ठीवरचा डोस त्याने आमच्या पोराला सांगितला. वॉशिंग्टनमध्ये सही होते आणि सातपूरचा पोरगा दुसऱ्याच्या वजनाचं इंजेक्शन घेतो, असं हे आहे.

आता त्या डोकेदुखीबद्दल, कारण ते कळलं तेव्हा मी हादरलो. टेस्टोस्टेरॉनने रक्तातल्या लाल पेशी वाढतात. प्रमाणाबाहेर वाढल्या तर रक्त घट्ट होतं आणि गुठळीचा, अर्धांगवायूचा धोका वाढतो. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त बघायचं असतं. हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, संप्रेरकाची पातळी, यकृत, चरबी. पारलिंगी स्त्रियांची औषधं वेगळी, त्यांच्यात गुठळीचा इतिहास आणि सिगारेट विचारायची, ब्लडप्रेशरची एक जुनी गोळी वापरतात तिच्यामुळे पोटॅशियम तपासायचं. सुरू करण्याआधी पुढे मूल हवं का, हे विचारायचं. बस. औषधं तीच, जी पाळी गेलेल्या बायकांना आणि टेस्टोस्टेरॉन कमी पडलेल्या पुरुषांना हेच डॉक्टर रोज लिहून देतात. तपासण्या सातपूरच्या कुठल्याही लॅबमध्ये होतात. भारतातल्या हार्मोन तज्ज्ञांनी २०२० मध्ये यासाठी आपल्याकडच्या रुग्णांना लागू पडेल असं मार्गदर्शनही छापलंय. जागतिक आरोग्य संघटनेने ही बाब मानसिक आजारांच्या यादीतून काढली, ती नवी यादी २०२२ पासून लागू आहे. हे सगळं मी डॉक्टर नसताना वाचू शकलो.

डॉक्टरांची बाजूही आहे, ती मांडतो. हार्मोनचे सुपरस्पेशालिस्ट मुळात मोजके, आणि त्यांच्या ओपीडीत मधुमेह-थायरॉईडची जत्रा. उद्या या पोराच्या घरचे दवाखान्यावर चालून आले तर? आपल्याकडे तोडफोड व्हायला कारण लागत नाही. ज्यांनी मला 'शिकवलेलं नाही' म्हणून सांगितलं, त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो रिसेप्शनवरच्या 'तसल्या'वर.

शेवटी काय झालं ते सांगतो. मुंबईतल्या एका ओळखीच्या पत्रकार ताईंनी एका सरकारी रुग्णालयातल्या हार्मोन तज्ज्ञ मॅडमचं नाव दिलं. म्हणजे पुन्हा ओळखच. पंचवटीने गेलो. मॅडमनी पहिल्यांदा विचारलं, "तुला काय नावाने हाक मारू?" पोराने मान खाली घातली आणि बराच वेळ वर केलीच नाही. रक्त बघितलं तर हिमॅटोक्रिट मर्यादेच्या बरंच वर. इंजेक्शन काही आठवडे थांबवलं, मग डोस जवळपास निम्मा केला, दोन सुयांमधलं अंतर वाढवलं. डोकेदुखी गेली. आवाज मात्र परत गेला नाही, याची त्याला फार काळजी होती.

प्रत्येक फेरीला एक खाडा पडतो. ठेकेदार खाड्याचे पैसे कापतो, वर प्रवास. म्हणून मॅडमनीच सुचवलं, मधल्या तपासण्या गावात कुणी करून रिपोर्ट पाठवेल का बघा. आमच्या सातपूर कॉलनीतले एक फॅमिली डॉक्टर तयार झाले. साठी उलटलेले, साधे एमबीबीएस. मी भीत भीत विचारलं तर म्हणाले, "अरे, सीबीसी काढून पाठवायचाय ना? पाठव त्याला. आणि मॅडमचा नंबर दे, मी बोलतो." त्यांनी मॅडमना फोन केला, वहीत सगळं लिहून घेतलं. कार्डावर पोराने सांगितलेलं नाव घातलं. अडीच महिन्यांच्या धावपळीनंतर नाशकातलं काम पाच मिनिटांत झालं, तेही ज्यांना मी यादीत धरलंच नव्हतं त्यांच्याकडे.

नाशिकमधले कुणी हार्मोन तज्ज्ञ, फिजिशियन किंवा फॅमिली डॉक्टर असे रुग्ण बघायला तयार असतील, तर मला खाजगीत कळवा. तुमचं नाव मी इथे टाकणार नाही. ज्याला गरज आहे त्यालाच सांगेन. आजवर असंच चालत आलंय, निदान ती साखळी थोडी लांब करू. आणि ओळखीचं मेडिकल आहे म्हणून कुणी चिठ्ठीशिवाय सुया घेत असाल, तर आधी रक्त तपासा.

त्याची मुंबईची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. या वेळी खाडा पडू नये म्हणून त्याने आदल्या दिवशीची नाईट मागून घेतलीय. सकाळी सातला सुटून गाडी मिळणार नाही म्हणून सुपरवायझरशी तासभर आधी सोडण्याचं बोलणं चालू आहे. सुपरवायझरला सांगितलंय, मुंबईला थायरॉईडच्या डॉक्टरकडे जायचंय.